दूर उभा राहणारा बिगुल

गुरुवारी सकाळी दहा वाजता बर्च लँडिंग गावातल्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीत एल्डन टर्नक्विस्टची सुनावणी सुरू झाली. भिंतीवरच्या पडद्यावर लष्कराच्या मंडळाचे तीन सदस्य दिसत होते. ते दूरच्या शहरात बसलेले होते. टेबलाच्या या बाजूला एल्डन होता, त्याच्या शेजारी कचेरीतली डार्सी लाहती होती, आणि एल्डनच्या मांडीवर कापडी पिशवीत मी होतो. पडद्यावरच्या तिघांतल्या मधल्या बाईंनी विचारले, "मिस्टर टर्नक्विस्ट, तुम्ही सैन्य सोडून का गेलात?"

 पिशवीवरून एल्डनचा हात माझ्या वळणावर फिरत राहिला.

मित्रांनो, मी एक जुना बिगुल आहे. त्या प्रश्नाचे उत्तर त्या खोलीत दोघांनाच ठाऊक होते. त्यातला एक गप्प बसला होता. दुसरा मी, आणि मला कोणी फुंकल्याशिवाय बोलता येत नाही.

माझा जन्म इंडियाना राज्यातल्या एका वाद्यांच्या कारखान्यात झाला. पितळेच्या पत्र्याची नळी केली, वाकवताना तिला सुरकुती पडू नये म्हणून आत डांबर ओतले, मग ती वाकवली, आणि डांबर पुन्हा वितळवून काढले. माझे पसरट तोंड एका कारागिराने लाकडी हातोडीने घडवले. मला एकही कळ नाही. जे स्वर निघतात ते वाजवणाऱ्याच्या ओठांचे आणि श्वासाचे. त्यामुळे मी दिसायला सोपा आणि वाजवायला अवघड आहे. दुकानात मला हातात घेणाऱ्या बहुतेकांनी एकदा फुंकून पाहिले, आणि फुस्स आवाज ऐकून परत ठेवून दिले.

मला मिनेसोटा राज्यातल्या बर्च लँडिंगच्या शाळेने घेतले. तिथे संगीत शिकवणारे मिस्टर स्वेंडसन मला कपाटात वरच्या फळीवर ठेवत. वर्गातली मुले ढोल मागत, सॅक्सोफोन मागत. मला मागणारा एकटा एल्डन. तो कागदाच्या गिरणीतल्या कामगाराचा मुलगा, बोलायला बुजरा. माझ्यातून पहिला स्वच्छ स्वर काढायला त्याला एक अख्खा हिवाळा लागला. पुढे सैन्यात भरती होण्याचा हुकूम आला, तेव्हा मिस्टर स्वेंडसननी मला त्याच्या हातात दिले. शाळेत आता याला वाजवणारे कोणी उरणार नाही, परत आलास की आणून दे, असे ते म्हणाले.

एल्डन युद्धावर गेलाच नाही. त्याला वाजवता येते हे कळल्यावर वरिष्ठांनी त्याला देशातच ठेवले आणि दफनाच्या तुकडीत घातले. तो व्हिएतनामच्या युद्धाचा काळ होता. शवपेट्या येत होत्या, आणि कॅन्ससच्या सपाट मुलखातल्या लहान लहान गावांत आमची बस जात होती. आठ जवान, एक अधिकारी, एल्डन आणि मी.

त्या कामाची एक रीत आहे, ती सांगायला हवी. जवान कबरीपाशी उभे राहतात. शवपेटीवरचे निशाण उचलून त्याची त्रिकोणी घडी घालतात आणि ते आईच्या किंवा पत्नीच्या हातात देतात. त्याआधी बंदुकांची सलामी होते. बिगुलवाला मात्र या सगळ्यांत नसतो. तो दूर, एखाद्या झाडाखाली किंवा उंचवट्यावर एकटा उभा असतो. अखेरची धून दुरून यावी असा संकेत आहे. त्या धुनीला टॅप्स म्हणतात. चोवीस स्वर आहेत, आणि एकही लपवता येत नाही. घरच्या लोकांना धून ऐकू यायला हवी. वाजवणारा दिसला नाही तरी चालते, किंबहुना दिसू नये हेच बरे समजतात.

एल्डनला हे काम जमले. थंडीत नळीतली हवा गार होते आणि स्वर उतरतो, म्हणून तो माझी मुखनळी, म्हणजे ओठांना लावायचा तुकडा, काढून मुठीत गरम ठेवत असे आणि वेळ आली की बसवत असे. अधिकारी दुसऱ्या तुकड्यांना सांगत की आमच्या पोराचा स्वर फुटत नाही. मित्रांनो, ते कौतुक मला आवडत असे. ते आपल्याला रोज ऐकायला मिळते आहे याचा अर्थ काय, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही. एल्डनच्या मनात आला असावा. बसमध्ये तो सर्वांत मागे बसू लागला होता.

मग मार्च महिन्यातल्या एका दिवशी सकाळी एक आणि दुपारी एक अशी दोन दफने होती. त्या दिवसाचे मी पुढे सांगेन, कारण एल्डननेही ते फार पुढे सांगितले. त्या संध्याकाळी बस जेवणासाठी थांबली. एल्डन मला घेऊन उतरला, आणि बस सुटली तेव्हा तो तिच्यात नव्हता. वसंत गेला आणि उन्हाळा लागला तेव्हा तो आपणहून डुलुथ शहरातल्या लष्करी ठाण्यात गेला आणि आपले नाव सांगितले.

सैन्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला दाखला मिळतो. सेवा कशी संपली त्याचा शेरा त्यावर असतो. बहुतेकांच्या दाखल्यावर लिहिलेले असते, सन्मानाने. एल्डनच्या दाखल्यावर लिहिले होते, अनिष्ट. हा एक शब्द माणसाबरोबर जन्मभर जातो. माजी सैनिकांच्या सभागृहाचे सदस्यत्व या शब्दाला मिळत नाही. मेल्यावर निशाण, सलामी आणि माझी धूनही मिळत नाही.

गावी आल्यावर तो पहिल्यांदा मला परत करायला शाळेत गेला. मिस्टर स्वेंडसननी त्याच्याकडे बराच वेळ पाहिले. मग ते म्हणाले, "अजून तू पुरता परत आलेला नाहीस, एल्डन. ठेव तुझ्याकडे."

त्यानंतर मी एका कपाटाच्या माथ्यावर राहिलो. एल्डन वडिलांच्याच गिरणीत लागला. लग्न केले नाही. हिवाळ्यात तळ्यावरच्या बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसे आणि अंधार पडायच्या आत घरी येई. सैन्यात होतास का, असे कोणी विचारले तर तो म्हणे, होतो, इथेच होतो, वाद्यवृंदात. ते जवळजवळ खरे होते, आणि पुढचे कोणी विचारत नसे. माझ्यावर धूळ साचली. पितळ काळवंडले. एका हिवाळ्यात छत गळले आणि माझ्या पोटात पाणी साठले, ते तिथेच सुकले. मी त्याच्यावर रागावलो नाही. त्या कपाटासमोरून जाताना तो मान खाली घालत असे, एवढे मला दिसत होते.

तो गिरणीतून निवृत्त झाला, आणि दुसऱ्या वर्षी त्याचा शेजारी वारला. शेजारी जुना सैनिक होता. दफनाच्या आदल्या दिवशी एल्डनने मला खाली काढले, का ते त्यालाही सांगता आले नसते. व्हिनेगर आणि मिठाने घासले, तेल लावले आणि गाडीच्या मागच्या आसनावर ठेवले. आणि मला तिथेच ठेवून तो दफनभूमीत गेला.

गावातल्या माजी सैनिकांच्या सभागृहाची एक सलामीची तुकडी आहे. तिचा म्होरक्या व्हर्न ओल्सटाड. आवाज मोठा, पोट मोठे, मन साधे. तुकडीकडे बिगुलवाला नव्हता. ते टेपवर धून लावत. त्या दिवशी, हे मला मागाहून कळले, थंडीने टेपची बॅटरी बसली. धून सुरू झाली आणि तिसऱ्या स्वरावर ओढली जाऊन खाली खाली जाऊ लागली. शोकातल्या माणसांनीही हसू आवरायला ओठ दाबून धरले. व्हर्न दातांत पुटपुटला, "हे काय, गाय व्यायला आली का?"

एल्डन गाडीकडे वळला. मला घेऊन तो कबरीजवळ आला नाही. दफनभूमीच्या कुंपणाशी एक ओकचे झाड आहे, त्याखाली जाऊन उभा राहिला. मुखनळी मुठीत धरली, मग बसवली. मला वाटले होते की इतक्या वर्षांनी आवाज निघणार नाही. चोवीस स्वर निघाले. शेवटच्याआधीचा जरा थरथरला.

तेव्हापासून तुकडीने टेप वाजवली नाही. कोणाचे दफन असले की व्हर्न फोन करी, आणि एल्डन त्या ओकखाली येऊन उभा राही. त्याचा दाखला कोणी मागितला नाही. अशी चूक होऊ शकते असे कोणालाही वाटणार नाही, पण ती घडली ती त्या रीतीमुळेच. बिगुलवाला दूर उभा असतो. तो तुकडीच्या रांगेत नसतो, त्याला गणवेश लागत नाही, हजेरी लागत नाही. दफन झाले की सगळे सभागृहात जात. तिथे बायका भाजलेल्या मटण-बटाट्याच्या पराती मांडून ठेवत, कॉफी असे. एल्डन मला पिशवीत घालून गाडीकडे जाई.

व्हर्न दर वेळी हाक मारी, "अरे, दोन घास खाऊन जा की."

"आज नको."

"याला आमची कॉफी चालत नाही रे."

"तुमची कॉफी म्हणजे कॉफीजवळून गेलेलं पाणी," एल्डन म्हणे, आणि गाडी सुरू करी. लोक हसत. एकदा व्हर्नने त्याला तुकडीची टोपी देऊ केली. टोपीने कान दुखतात, असे सांगून एल्डनने ती घेतली नाही. इतक्या वर्षांत तो सभागृहाच्या दारातून आत गेला नाही. हे कोणाच्या लक्षात आले नाही, कारण तो नसण्याची सगळ्यांना सवय होती.

माझ्या आयुष्यातली ही चांगली वर्षे. माझे पितळ चकचकीत होते. विधवा बायका दुरून हात करत. पण मी काय पाहत होतो ते सांगतो. झाडाखालून मला नेहमी माणसांच्या पाठी दिसत. सगळे कबरीकडे तोंड करून उभे असत. धून संपल्यावर पाठी एकमेकांकडे वळत, मिठ्या मारत, आणि तशाच चालू लागत.

गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये व्हर्न एल्डनच्या घरी आला. दार वाजवायच्या आधीपासून हसत होता. सभागृहाने ठरवले होते की नोव्हेंबरातल्या माजी सैनिक दिनाला एल्डनला तहहयात सदस्य करायचे आणि भिंतीवर त्याच्या नावाची पाटी लावायची. गुपित ठेवायचे होते, पण नोंदीसाठी दाखल्याची प्रत लागते, म्हणून यावे लागले. पाटी तर तयारसुद्धा झाली होती. व्हर्न ती गाडीतून घेऊन आला. पाटी पितळेची होती, म्हणजे माझ्याच जातीची. तिच्यावर एल्डनचे नाव कोरले होते, आणि त्याखाली एक ओळ होती. सैन्यात सन्मानाने सेवा.

एल्डनने ती दोनदा वाचली. मी समोरच्या टेबलावर होतो. मग तो म्हणाला, "व्हर्न, खालची ओळ काढावी लागेल."

"का? स्पेलिंग चुकलं का?"

"नाही. स्पेलिंग बरोबर आहे."

मग त्याने सांगितले. पळून गेल्याचे सांगितले, अनिष्ट हा शब्द सांगितला. का गेला, ते सांगितले नाही, आणि व्हर्नने विचारले नाही. व्हर्नचे हसू चेहऱ्यावर राहून गेले होते, ते कुठे ठेवावे हे त्याला कळेना. त्याने पाटी उचलली आणि पुन्हा कागदात गुंडाळली. जाताना तो म्हणाला की तो मंडळींना कोरणाऱ्याची काहीतरी चूक झाली असे सांगेल. पण व्हर्नला खोटे बोलता येत नाही. आठवड्याच्या आत सभागृहाला सगळे कळले.

बैठक झाली. मी तिथे नव्हतो. जे झाले ते व्हर्नने पुढे एल्डनला सांगितले. ऑर्व्हिल ग्रॅनलंड नावाचा एक सदस्य सर्वांत जास्त दुखावला होता. त्याचा भाऊ युद्धातून एका पायाने परतला होता आणि दोन वर्षांपूर्वी वारला, तेव्हा त्याच्या कबरीवर मीच वाजलो होतो. ऑर्व्हिल म्हणाला, "माझ्या भावाला निरोप दिला तो एका पळपुट्याने. हे मला आज कळतंय." ऑर्व्हिल चुकला असे मी म्हणणार नाही. त्याच्याकडे जेवढी माहिती होती तेवढ्यावर तो बोलला. एल्डनने वाजवू नये असा कायदा नाही, पण दाखला सुधारून आणेपर्यंत सभागृहाच्या तुकडीबरोबर त्याने वाजवू नये, असा ठराव झाला. व्हर्नने विरोधात हात वर केला. त्याच्या बाजूने आणखी काही हात होते, पण पुरेसे नव्हते.

तुकडीने नवा बिगुल आणला. तो दिसायला माझ्यासारखाच आहे, जास्त चकचकीत. त्याच्या तोंडात एक छोटी डबी बसवलेली असते. कळ दाबली की डबी धून वाजवते, आणि माणूस तो नुसता ओठांना लावून उभा राहतो. एका दफनाला एल्डन गेला होता, गिरणीतला सोबती वारला होता म्हणून. त्या दिवशी तो पहिल्यांदाच कबरीजवळ, माणसांत उभा राहिला, आणि हात कुठे ठेवावेत ते त्याला सुचेना. मी त्याच्या कोटातून अर्धा बाहेर डोकावत होतो. दुरून धून आली. एकही स्वर हलला नाही. मित्रांनो, मला त्या नव्या बिगुलाचा मत्सर वाटला नाही. ओकखाली कळ दाबून उभ्या असलेल्या माणसाचे गाल मात्र फुगलेले नव्हते, आणि ते पाहून मला फार एकटे वाटले.

डार्सी लाहती काउंटीतल्या माजी सैनिकांची कागदपत्रे पाहते. तिच्या आजोबांच्या दफनाला एल्डनने वाजवले होते. तिने त्याला कचेरीत बोलावून घेतले. शेरा बदलून मागता येतो, हे त्याला माहीतच नव्हते.

"पन्नास वर्षं झाली," तो म्हणाला.

"उशीर माफ करता येतो मंडळाला. पण मागावं लागतं. तुम्ही मागितलंच नाही."

तुम्हाला यातून काय हवे आहे, असे तिने विचारले. मेल्यावर कोणी वाजवले नाही तरी चालेल, तो म्हणाला, मला फक्त त्या झाडाखाली उभे राहायचे आहे. डार्सीने ते जसेच्या तसे लिहून घेतले. मग तिने सांगितले की मंडळ एकच गोष्ट विचारेल. का गेलात? त्या रकान्यात एल्डनने लिहिले, मला वाजवता येईना. डार्सीने वाचले आणि त्याच्याकडे पाहिले. "एवढंच?" एल्डनने मान हलवली. सुनावणीला येताना बिगुल घेऊन या, असे तिने सांगितले.

तर गुरुवारी सकाळी तो प्रश्न पडद्यावरून आला. दाराजवळच्या खुर्चीवर तुकडीचे जाकीट घातलेला व्हर्न बसला होता. तो साक्षीसाठी आला होता.  त्या बाईंनी घाई केली नाही. एल्डनने मला पिशवीतून बाहेर काढले आणि टेबलावर ठेवले, आणि मग माझ्याकडे पाहत बोलू लागला.

त्या दिवशी सकाळचे दफन एका शेतकऱ्याच्या मुलाचे होते. जमीन बर्फ वितळून चिखल झालेली. एल्डन दूर एका उंचवट्यावर उभा होता. त्याने वाजवले. थंडीने ओठ फाटला होता, मुखनळीला रक्त लागले होते. रीतीप्रमाणे तो तिथेच थांबला. आणि मग निशाणाची घडी पोटाशी धरून मुलाची आई चिखलातून त्याच्याकडे चालत आली. असे कोणी कधी केले नव्हते. तिने त्याच्या ओठाकडे पाहिले. आज अजून कुठे जायचे आहे का, असे विचारले. एल्डन म्हणाला, दुपारी अजून एक आहे.

"ती म्हणाली," एल्डनने सांगितले, "'मग त्याच्या आईलाही असंच नीट ऐकव, बाळा.'"

तिने आपल्या मुलाच्या पाठीवरून फिरवावा तसा त्याच्या बाहीवरून हात फिरवला आणि ती परत गेली.

पुढचे मी सांगू शकतो, कारण ते माझ्या आत घडले. दुपारी दुसऱ्या गावात एल्डन एका झाडाखाली उभा राहिला. सलामी झाली. त्याने मला ओठांना लावले. श्वास आला, पण ओठ जुळले नाहीत. माझ्यातून नुसता वारा गेला. त्याने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा वारा. अधिकारी थांबला होता. खुर्चीवर बसलेल्या आईने मान वळवून झाडाकडे पाहिले. तिसऱ्यांदा त्याने मला वर उचललेच नाही. थोडा वेळ थांबून अधिकाऱ्याने निशाणाची घडी तिच्या हातात दिली. त्या मुलाला धून न वाजताच पुरले.

बसमध्ये कोणी त्याला बोलले नाही. शिव्या दिल्या असत्या तर तो राहिला असता, असे एल्डन मंडळाला म्हणाला. मग तो जेवणाच्या थांब्यावर उतरला.

मधल्या बाईंनी चष्मा काढला. "हे तेव्हा कुणालाच का सांगितलं नाही?"

"कुणी विचारलं नाही, मॅडम. मी किती दिवस गैरहजर होतो ते विचारलं. ते मी खरं सांगितलं."

त्या मुलाचे नाव त्यांनी विचारले. एल्डनने लगेच सांगितले. आडनावासकट, गावासकट. इतकी वर्षे मी त्याच्याबरोबर राहिलो, पण ते नाव त्याच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले.

मग व्हर्नला बोलावले. घरून तो एक भाषण लिहून घेऊन आला होता. ते त्याने खिशातच ठेवले. सभागृहाचा ठराव काय आहे, तो का झाला, हे त्याने आधी सांगितले, आणि ऑर्व्हिलबद्दल वाईट बोलला नाही. मग म्हणाला, "मी इतकी वर्षं त्या झाडाकडे पाठ करून उभा होतो. तिकडे कोण उभं आहे ते बघायची मला गरजच पडली नाही, बाई. धून वेळेवर येत होती ना."

मंडळाने सांगितले की निर्णय टपालाने कळवला जाईल. काही महिने लागतील. पडदा काळा झाला. डार्सी म्हणाली, "झालं." एल्डनने मला पिशवीत ठेवले.

बाहेर बर्फ पडत होते. व्हर्न गाडीपाशी घुटमळत उभा होता. "कॉफी घेऊ या?"

"तुमच्या सभागृहाची?"

"नाही रे लेका. चांगली."

एल्डन हसला. आज नको, असे म्हणून तो घरी निघाला. माझी मुखनळी त्याच्या मुठीत होती, अख्ख्या वाटेत.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंनी शेवटी काही सांगायचे असते. वस्तूंना तेल लावा, कोरड्या ठेवा, असे मी सांगू शकतो, आणि तेही कराच. पण माझे मागणे वेगळे आहे. कुठल्याही कार्यात एक माणूस दूर उभा असतो. कोणी दिवा धरतो, कोणी गाडी सांभाळतो, कोणी वाजवतो. काम नीट झाले की त्याच्याकडे कोणी वळून पाहत नाही. काम संपल्यावर त्याच्यापर्यंत चालत जा. चिखल असला तरी जा. त्या आईने काय केले ते आठवा. आणि ती एकदाच आली, त्यानंतर पन्नास वर्षे दुसरे कोणी आले नाही, हेही आठवा.

आता फेब्रुवारी संपत आला आहे. टपाल दुपारी येते. एल्डन डबा उघडून पाहतो. पत्र आलेले नाही. सभागृहाचा ठराव कायम आहे. गेल्या आठवड्यात एक दफन झाले, तिथे डबी वाजली. रोज सकाळी एल्डन मला घेऊन तळ्याच्या काठी जातो आणि ओठांची सवय जाऊ नये म्हणून लांब लांब स्वर धरतो. पूर्ण धून वाजवत नाही.

काल सकाळी रस्त्यावर व्हर्नची गाडी थांबली. तो उतरला आणि गुडघाभर बर्फातून आमच्याकडे चालत आला, धापा टाकत. एल्डनच्या शेजारी उभा राहून त्याने तळ्याकडे पाहिले. पाटी पुन्हा नव्याने कोरून घेतली आहे, असे त्याने सांगितले. ती त्याच्या गाडीतच आहे. वर एल्डनचे नाव आहे. खालची ओळ त्याने कोरी ठेवायला सांगितली आहे.